विरोधी पक्षनेता पंतप्रधानांना समोरासमोर प्रश्न विचारतो, हे आपल्याकडे का नाही?

मिरजेचा_मिरच्या
काल रात्री झोप येईना म्हणून यूट्यूब चाळत बसलो आणि ब्रिटनच्या संसदेतला तो पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम लागला, मग एकामागून एक असे पाच-सहा बघितले, दीड वाजला. विरोधी पक्षनेता उठतो विचारतो बसतो, पंतप्रधान उठतो उत्तर देतो बसतो, मागची मंडळी जत्रेत कुस्ती लागल्यासारखी ओरडतायत. आपण संसद तिकडूनच उचलली ना, मग नेमकं हेच कसं राहिलं? आपल्याकडे एकतर तास-दोन तासाचं भाषण नाहीतर गोंधळ नाहीतर सभात्याग. आणि ते प्रश्न खरंच आधी सांगितलेले नसतात का? कृपया पक्षांवरून भांडू नका, पद्धत समजून घ्यायचीय.

टेम्सकाठचा_तात्या
चौदा वर्षं लंडनात आहे, म्हणून थोडं सांगतो. अधिवेशन चालू असताना दर बुधवारी दुपारी १२ वाजता अर्धा तास. ठरलेल्या वेळेची पद्धत १९६१ पासूनची, पंतप्रधान मॅकमिलनच्या काळात मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं असायची, १९९७ मध्ये ब्लेअर पंतप्रधान झाल्यावर दोन्ही मिळून बुधवारचा अर्धा तास केला. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न, सलग विचारा नाहीतर तीन-तीन करा, त्याची मर्जी. बाकी खासदारांची नावं सोडतीने निघतात. कागदावर पहिला प्रश्न "पंतप्रधानांचे आजचे कार्यक्रम काय" असा सपक असतो, त्याचं उत्तर दिलं की मग कशावरही विचारता येतं. त्यामुळे हो, विरोधी पक्षनेता काय विचारणार ते पंतप्रधानाला माहीत नसतं, त्याची माणसं अंदाज बांधून जाडजूड फाईल करून देतात, ती पुढ्यात असते बघ.

मी एकदा गॅलरीत बसून बघितलंय. मध्ये काच आहे, आवाज स्पीकरमधून येतो, टीव्हीवर जास्त कळतं खरं सांगायचं तर. आणि अर्धं नाटकच असतं. २००७ मध्ये व्हिन्स केबल नावाच्या खासदाराने पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन काही आठवड्यांत स्टालिनचे मिस्टर बीन झाले असं म्हटलं, ते अजून लोकांना पाठ आहे, पण त्या दिवशी मूळ विषय काय होता विचारा कुणाला. २०१५ ला विरोधी पक्षनेता कॉर्बिनने वेगळं करून बघितलं, लोकांकडून ईमेलने प्रश्न मागवले, चाळीस हजाराच्या वर आले, आणि पंतप्रधान कॅमेरनला "मारी नावाच्या बाई घरांबद्दल विचारतायत" असं शांतपणे विचारलं. आरडाओरडा कमी झाला, पण ते काही फार टिकलं नाही.

कडीपत्ता
आमच्या सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरीला लागोपाठ सहा प्रश्न विचारून दाखवा, तिसऱ्यालाच चहा येतो आणि विषय संपतो 😂

बाक_वाजवणारा
"आपल्याकडे नाही" हे अर्धंच खरं. लोकसभेत रोज ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास असतोच. वीस तारांकित प्रश्न, त्यांना तोंडी उत्तर, आणि २३० अतारांकित, त्यांना लेखी. मंत्रालयांचे वार ठरलेले आहेत, पंतप्रधानांकडच्या खात्यांचा लोकसभेत बुधवार (हो, इथेही बुधवारच!), पण ती खाती म्हणजे अणुऊर्जा, अंतराळ, कार्मिक वगैरे आणि उत्तर द्यायला बहुतेक वेळा राज्यमंत्री उभे राहतात. फरक इथे आहे बघा. तिकडे पंतप्रधान हा माणूस उत्तर देतो, आपल्याकडे खातं उत्तर देतं. महागाईचं विचारलं तर अर्थखातं, सीमेचं विचारलं तर संरक्षण, सगळ्याचं मिळून एका माणसाला विचारायची जागाच नियमात नाही. शिवाय आपली नोटीस किमान पंधरा दिवस आधीची. बिननोटिशीचं काय असेल तर ते पुरवणी प्रश्न, म्हणजे उत्तर मिळाल्यावर तिथल्या तिथे विचारलेले. खरा खासदार पुरवणी प्रश्नात कळतो, मूळ प्रश्न काय कुणीही टाईप करून देतो.

अजून एक, तिकडे विरोधी पक्षनेता कायम असतोच. आपल्याकडे दहा टक्के जागांची अट धरतात, म्हणून २०१४ ते २०२४ दहा वर्षं लोकसभेत ती खुर्ची रिकामीच होती. महाराष्ट्राच्या विधानसभेतही २०२४ च्या निकालानंतर एकाही विरोधी पक्षाला २८८ पैकी २९ जागा नव्हत्या.

जुना_राजापूरकर
वाजवणाऱ्या, नियम बरोबर सांगितलेस पण माणसं राहिली. आमच्या राजापूरने आधी नाथ पै आणि मग मधु दंडवते पाठवले, वडील सांगायचे की नाथ पै बोलायला उठले की नेहरूही लक्ष देऊन ऐकायचे. मधु लिमये पुण्याचे, निवडून आले बिहारातल्या मुंगेरमधून, नियमांचं पुस्तक हेच त्यांचं हत्यार. यशवंतराव १९७७ ला मोरारजींसमोर विरोधी पक्षनेते होते, शरद पवार १९९८ ला वाजपेयींसमोर, म्हणजे ती खुर्ची मराठी माणसाला नवी नाही.

आणि समोरासमोर म्हणशील तर ऑगस्ट १९६३. स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव, कृपलानींनी आणलेला. लोहिया त्याच वर्षी पोटनिवडणूक जिंकून आलेले, त्यांनी नेहरूंना आकडाच फेकून मारला, सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोजचे पंचवीस हजार खर्च होतात. नेहरू म्हणाले तीन नाही, पंधरा आणे. मग ते पंधरा आणे कुठून आले यावरच गाडी अडली. ठराव पडला, ६२ विरुद्ध ३४७, पण तीन आणे लोकांच्या तोंडी राहिले. आता अविश्वास ठरावात काय होतं, तर दोन दिवस सगळे बोलतात, शेवटी पंतप्रधान बोलतात, आणि मधे थांबवून "हे नाही, त्याचं सांगा" म्हणायची सोय नाही.

मिरजेचा_मिरच्या
वा, हे भारी आहे. पण तात्या, तिकडे त्या ओरडण्यातून निघतं काय? उत्तर तर टाळतातच.

टेम्सकाठचा_तात्या
टाळतात. पण बोललेलं छापलं जातं, तिथे खरी गंमत आहे. १ डिसेंबर २०२१ ला विरोधी पक्षनेता स्टार्मरने पंतप्रधान जॉन्सनला विचारलं, लॉकडाऊनमध्ये तुमच्या ऑफिसात ख्रिसमस पार्टी झाली का. जॉन्सनने सांगितलं की नंबर दहामध्ये, म्हणजे पंतप्रधानांच्या ऑफिसात, सगळे नियम पाळले. त्या दिवशी टीव्हीवर विशेष काही वाटलं नाही, बायको म्हणाली चॅनेल बदला. मग फोटो आले, पोलिसांनी दंड केला, आणि जून २०२३ मध्ये सभागृहाच्या विशेषाधिकार समितीने त्याचीच अशी उत्तरं समोर ठेवून सांगितलं की याने सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. खासदारकी त्याने अहवाल यायच्या आधीच सोडली होती. दुसरी मजा म्हणजे मधल्या काळात सभागृहात त्याने दिशाभूल केली असं म्हणणाऱ्या खासदाराला बाहेर जावं लागलं होतं, कारण तिकडे दुसऱ्या सदस्याला खोटारडा म्हणायची बंदी.

बाक_वाजवणारा
आपल्याकडेही आश्वासन समिती आहे की, १९५३ पासून. मंत्री सभागृहात "बघतो, करतो" म्हणाला की ते टिपून ठेवायचं आणि नंतर विचारायचं हेच तिचं काम. बातमी होत नाही एवढंच.

कडीपत्ता
सोसायटीलाही एक अशी समिती पाहिजे राव. लिफ्ट "पुढच्या महिन्यात" हे तीन वर्षं ऐकतोय.

मिरजेचा_मिरच्या
राजापूरकर काका, ते तीन आण्यांचं सगळं भाषण वाचायला मिळेल का?

जुना_राजापूरकर
लोकसभेच्या साइटवर जुनी कार्यवृत्तं स्कॅन करून टाकलीत. ऑगस्ट १९६३ काढ. लोहिया हिंदीत बोललेत, तुला जमेल. नेहरूंचं उत्तरही वाच, नुसते लोहिया वाचून इथे भांडायला येऊ नकोस.