रानचिमणी की पीतकंठी चिमणी?

माळरान : शाळेसाठी पक्ष्यांच्या मराठी पाट्या लिहितोय. 'यलो-थ्रोटेड स्पॅरो'ला मी 'रानचिमणी' लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, 'आमच्या गावात रानचिमणी म्हणजे मुनिया. पीतकंठी लिहा.' तुम्ही काय म्हणता?

ताम्हण : पीतकंठी लिहिलंत तर मुलं पिवळा गळा शोधत बसतील. तो ठिपका एवढुसा, मादीचा तर जेमतेम दिसतो. हिला पाठीवरून ओळखावं. घरच्या चिमणीच्या मादीच्या पाठीवर काळ्या-बदामी रेघा असतात, डोळ्यामागे फिकट पट्टा असतो. हिची पाठ साधी, करडी. पंखावर पांढरे पट्टे, चोच बारीक, नराच्या खांद्यावर विटकरी डाग. घरटं झाडाच्या ढोलीत. म्हणून रानचिमणीच!

शब्दरसिक : ढोलीत घरचिमणीही घरटं करते, तेव्हा 'रान'ने काही ठरत नाही. आणि ठिपक्याला कमी लेखू नका. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली चिमणी त्या ठिपक्यामुळेच वेगळी दिसली. हलाल आहे का म्हणून मामांना विचारलं, मामांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथल्या सचिवांकडे, मिलार्डसाहेबांकडे धाडलं, आणि त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास तिथून सुरू झाला. खरं तर 'पीतकंठी चटक' हवं. संस्कृतात चटकच आहे.

गोदाकाठ : चटक कोण म्हणतं हो? आमची आजी मुनियेलाही चिमणी म्हणायची आणि सुगरणीच्या मादीलाही. वीण संपली की सुगरणीचा नरसुद्धा पिवळा रंग टाकतो, मग जाड चोच आणि आखूड शेपूट बघितल्याशिवाय चिमणीपासून वेगळा कळत नाही. चिमणी म्हणजे चिमुकली. ते एकाच जातीचं नाव कधी नव्हतंच.

शब्दरसिक : उलट आहे. चिवचिव करते म्हणून चिमणी, आणि तिच्यावरून 'चिमणा जीव'.

ताम्हण : चिवचिववरून 'चिऊ' झालं हे कबूल. पण मधला 'म' कुठून आला?

शब्दरसिक : 'व'चा 'म' होतो की.

गोदाकाठ : या शब्दात झाला याला आधार द्या. नाहीतर चिमुकलीच धरा.

माळरान : अहो, पाट्या रंगवायला द्यायच्यात! 'रानचिमणी (पीतकंठी)' लिहू का?

शब्दरसिक : कंसातलं कोणी वाचत नाही. पीतकंठी आधी घ्या.

ताम्हण : चित्र नराचं आहे ना? खांद्यावर विटकरी डाग दाखवलाय का? मग 'रानचिमणा' का नको? घरच्या नराला आपण चिमणाच म्हणतो.

गोदाकाठ : मग मोराच्या पाटीखालीही लांडोर लिहावं लागेल. जातीचं नाव एकच असू द्या.

ताम्हण : मोर हे नाव नराचंच आहे, बघा. तिथे चालतं, मग इथे का नाही?