मदत हवी आहे: मराठी शब्दांच्या वारंवारतेची यादी

ऱ्हस्व वेलांटी लिहितो अक्षराच्या आधी, उच्चारतो मात्र नंतर. त्यामुळे ‘दिवस’, ‘किरण’ असे शब्द ओळखायला किंचित जास्त वेळ लागतो का, हे तपासायचंय. मानसशास्त्र आणि भाषाविज्ञान विभागांचा मिळून एम.ए.चा प्रकल्प आहे. पडद्यावर शब्द दिसतो, खरा की बनावट ते कळ दाबून सांगायचं. (सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडेच जात होती, म्हणून शब्दांची चित्रंच करून टाकली. तो प्रश्न मिटला.)

अडलंय ते जोड्या लावताना. वेलांटीचे 40 आणि बिनवेलांटीचे 40 शब्द सारखेच परिचित हवेत. आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट (संगणकीय शब्दकोश) पाहिलं, पण ते अर्थांसाठी आहे. कुठला शब्द किती वेळा येतो ते बातम्यांवरून मोजलं तर ‘मंत्रिमंडळ’ वर आणि घरोघरी असलेला ‘चिमटा’ तळाला! शिवाय ‘दिवस’, ‘दिवसाला’, ‘दिवसांनी’ सगळे वेगवेगळे मोजले जातात.

निधी नाही, हाताशी दोन लॅपटॉप आणि सहा आठवडे. प्रयोगात फक्त 18 वर्षांवरच्यांना घ्यायची परवानगी आहे.

रूपं एकत्र करून मोजलेली, बोलण्याच्या जवळची यादी कुणाकडे आहे का? नसेल तर परिचितता लोकांनाच 1 ते 7 मध्ये विचारू, पण त्यासाठी किती जण पुरतील, आणि तेच लोक पुढे प्रयोगात घेतले तर चालतील का?