कारखाना ‘बंद पडला’ की ‘बंद केला’?

डोंबिवलीकर

कल्याण-शीळ रस्त्यावरचा ‘प्रीमियर कॉलनी’ हा थांबा आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडात आहे. नव्वदच्या दशकात इथल्या प्रीमियरच्या कारखान्यातून प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या 309 गाड्या बाहेर पडत. परवा त्यावर चार ओळी लिहिल्या आणि त्यात ‘कारखाना बंद पडला’ असं वाक्य आलं. लेक वाचत होती. तिनं विचारलं, “पडला म्हणजे? आपोआप?” मला उत्तर सुचेना. अशा वेळी योग्य क्रियापद कोणतं? आणि ‘टाळेबंदी’ लिहिलं तर चालेल का?

मुद्रितशोधक

लेकीचा कान चांगला आहे. ‘पडणे’ लागलं की कर्ता नाहीसा होतो. माणूस आजारी पडतो, गाव ओस पडतं, फियाट भर रस्त्यात बंद पडते. यातलं काहीच कुणी ठरवून केलेलं नसतं. कारखान्याचं तसं नाही. तिथे कुणीतरी कागदावर सही करतं.

तरी ‘बंद पडला’ सरसकट चूक म्हणणार नाही. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचं पाहा. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पद्मिनीचं गिऱ्हाईक हळूहळू ओसरत गेलं. वर्षानुवर्षं झिजत थांबलेल्या अशा कामाला ‘बंद पडलं’ शोभतं. तळेगावच्या मोटार कारखान्याची गोष्ट वेगळी. जनरल मोटर्सनं 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथलं उत्पादनही थांबवलं. तिथे ‘बंद केला’च हवं, आणि कोणी केला, ते वाक्यात यायला हवं. ‘बंद करण्यात आला’ लिहून सुटका होत नाही. तिथेही करणारा गायबच.

आता टाळेबंदी. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात (तो 2025 पर्यंत लागू होता) टाळेबंदी ही तात्पुरती असे: वाद चालू असताना मालक काम थांबवतो, कामगाराला आत घेत नाही, पण नोकरीचं नातं तुटलेलं नसतं. कायमचं बंद करणं ही वेगळी गोष्ट, तिचे नियमही वेगळे. मथळ्यांत दोन्हीला एकच शब्द वापरतात, ते मला खरोखर खुपतं.

हे खुपण्याला घरचं कारण आहे. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात फिटर होते. फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागली, तेव्हा ते रोज सकाळी पाळीच्या वेळेला डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन येत. टाळं उघडेल, हे त्या शब्दातच त्यांना दिसत होतं. अकरा महिने ते जात राहिले. शब्द नेमका नसला की माणूस किती दिवस फसतो, हे मी तेव्हा पाहिलं.

आणखी एक: ‘ताळेबंद’ निराळा. तो ताळ्यावरून आला. हिशेब जुळतो का ते पाहणं म्हणजे ताळा करणं. माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ‘कंपनीची ताळेबंदी’ महिन्यातून एकदा तरी सापडते.

गोदीवाला

बंदराच्या बाजूचं मी सांगतो. आमच्या घरात तिघं गोदीत होते.

मुंबईत मोटारी आधी बंदरातूनच आल्या. जनरल मोटर्सनं शिवडीला 1928 साली जुळणी सुरू केली, तेव्हा सुटे भाग पेट्यांतून जहाजानं येत. 1954 मध्ये ते काम थांबलं. आता पुण्याकडे तयार झालेल्या गाड्या त्याच मुंबई बंदरातून परदेशी जातात.

मधल्या काळात गोदी बदलली. 1880ची प्रिन्सेस गोदी आणि 1888ची व्हिक्टोरिया गोदी, दोन्ही कंटेनरच्या आवारासाठी बुजवल्या. आम्ही ‘बंद पडली’ म्हणत नाही, ‘बुजवली’ म्हणतो, विहीर बुजवावी तसं. कुणीतरी भराव टाकला, हे त्या क्रियापदातच आहे. तुमच्या प्रश्नाला हे उदाहरण उपयोगी पडेल.

शब्दही गेले. फाळका म्हणजे जहाजाच्या पोटातलं मालाचं कोठार. कामगारांची टोळी त्यात उतरायची, वर मुकादम उभा. 1989 साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनरचा माल तिकडे वळला. कंटेनर क्रेननं उचलला जातो, त्यामुळे टोळीला उतरायला फाळकाच उरला नाही. धाकट्या काकांचा आकडा आजही माझ्याकडे आहे. लाकडी मूठ हातानं काळी पडून गुळगुळीत झालेली, पुढे लोखंडाचं वाकडं टोक. तो पोत्यात रुतवून पोतं ओढायचं. गोदीत ‘आकडा घेतला का?’ विचारलं की या हत्याराबद्दल विचारलेलं असे. माझ्या मुलाला आकडा म्हणजे फक्त संख्या.

डोंबिवलीकर

‘बुजवली’नं वाट दाखवली. दोघांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलंय: ‘1997 साली प्यूजोनं प्रीमियरशी असलेली भागीदारी सोडली आणि डोंबिवलीत गाड्या बनणं थांबलं.’ ‘पडला’ काढलं, टाळेबंदीही नाही. चालेल?

मुद्रितशोधक

चालेल. फक्त ‘गाड्या बनणं’ऐवजी ‘कामगारांनी गाड्या बनवणं’ करून पाहा. बनणाऱ्या गाड्याही आपोआप बनत नव्हत्या.