आवाज लाकडात की स्पंजात?
जुन्या फेंडर प्रिसिजन बेसचा (फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक बेस गिटारचा) तो ‘धप्प’ आवाज मुरलेल्या लाकडामुळेच येतो असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. १९५७ पासूनचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) आहेच, पण तेव्हा तारा फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) असायच्या आणि ब्रिजवरच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या भागावरच्या) चकचकीत झाकणाखाली स्पंजची पट्टी तारांना टेकलेली. त्यामुळे स्वर लांबायचाच नाही.

आमच्या शहापुरात (बेळगावचं ओ, ठाण्याचं नव्हे) ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मामांचा जुना बेस उघडला, तर झाकणाखाली नुसता काळा भुगा! भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून बसवला, फ्लॅटवाउंड तारा चढवल्या. मामांनी सगळ्यात जाड तार छेडली नि म्हणाले, “हां, आता कसं!” पावसाळ्यात बेसची मान (लांब दांडा) हलते तेवढी, मग ट्रस रॉड (मानेतली बाक सावरणारी सळई) जरासा पिळायचा.