प्रॉपर्टी मॅनेजर झालोय खरा, पण डोक्यात अजून प्लंबरच आहे

पंपरूमवाला

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. वाकड भागातल्या एका सोसायटीत आहे, ७ विंग, ४०० च्या आसपास फ्लॅट. आयटीआय करून ९ वर्षांपूर्वी प्लंबर म्हणून लागलो, मग टेक्निकल सुपरवायझर झालो, आणि मार्चमध्ये आधीचे मॅनेजर सोडून गेले तेव्हा कमिटीने मलाच खुर्चीत बसवलं. पंपरूममध्ये माझा हात कोणी धरणार नाही, पंपाच्या नुसत्या आवाजावरून सांगतो बेअरिंग गेलंय की हवा धरलीय. पण केबिनमध्ये बसलं की वाटतं आत्ता कोणीतरी येणार आणि म्हणणार ऊठ, ही तुझी जागा नाही.

सप्टेंबरच्या एजीएममध्ये (सोसायटीच्या वार्षिक सभेत) एका मेंबरने उभं राहून मला विचारलं, सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड यात फरक काय आणि दोन्ही कशाला घेता. मी गप्प. घशाला कोरड पडली. खजिनदारांनी उत्तर दिलं, पण मागून कोणीतरी बोललं "अहो प्लंबरला काय विचारताय" आणि चारपाच जण हसले. तेव्हापासून कोणाला ईमेल पाठवायचा म्हटलं तरी सहासहा वेळा वाचतो.

अजून एक. मागच्या महिन्यात डी विंगची टाकी धुतली, रात्री आउटलेटचा व्हॉल्व्ह मीच बंद केला आणि उघडायचा राहिला. पहाटे साडेपाचपासून फोन सुरू, ५६ फ्लॅट कोरडे, कोणाच्या डोक्याला शाम्पू तसाच. सेक्रेटरी साहेब खाली आले आणि माझ्या तोंडून निघून गेलं की नवीन पोराने व्हॉल्व्ह उघडला नाही. पोरगं शेजारीच उभं होतं. काही बोललं नाही. खाली बघत पान्हा पुसत राहिलं.

तर कॉन्फिडन्स कसा वाढवायचा? एखादा कोर्स करू का? इंग्लिश स्पीकिंग लावू का?

ठाण्याची_ताई

दादा, मी या धंद्यात २२ वर्षं आहे, फ्रंट डेस्कवर रजिस्टर भरण्यापासून सुरुवात केली. कोर्सचं नंतर बघू, आधी आदर्श उपविधींचं, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांचं पुस्तक घ्या, मराठीत मिळतं, आणि रोज दोन पानं वाचा. सिंकिंग फंड म्हणजे उद्या बिल्डिंग नव्याने बांधायची किंवा मोठं स्ट्रक्चरल काम काढायचं त्यासाठीची गंगाजळी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, आणि जनरल बॉडीच्या, म्हणजे सगळ्या मेंबर्सच्या सभेच्या, ठरावाशिवाय त्याला हात लावायचा नाही. रिपेअर फंड नेहमीच्या दुरुस्तीसाठी, तो किमान ०.७५ टक्के. झालं, एवढंच होतं उत्तर. तुम्हाला आलं नाही कारण कोणी शिकवलं नाही, यात तुमची लायकी कुठून आली? आणि नाही आलं तर सरळ म्हणायचं, "बघून उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो." मात्र सांगायचंच, आणि तेही त्यांनी पुन्हा विचारायच्या आत. माझी अर्धी इज्जत या एका सवयीवर उभी आहे.

पण खरं सांगू का, तुमचा प्रश्न मला एजीएमचा वाटतच नाही. त्या पोराचा आहे. एजीएमचं लिहिताना तुम्ही हसणाऱ्यांबद्दल लिहिलंत, इथे पान्ह्याबद्दल लिहिलंत. म्हणजे ते डोळ्यासमोरून हलत नाहीये.

माझ्याकडूनही झालंय. फायरचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट, वर्षातून दोनदा द्यावा लागतो, जानेवारी आणि जुलै. एका वर्षी जुलैचा राहिला, एजन्सीवर ढकलणं अगदी सोपं होतं कारण सर्टिफिकेट तेच देतात. दोन रात्री झोप नाही, तिसऱ्या दिवशी चेअरमनना जाऊन म्हटलं, फॉलोअप माझा होता, मी चुकले. ते चिडले, भरपूर बोलले. पण पुढे माझ्या शब्दावर त्यांनी कधी उलटतपासणी केली नाही.

तिसरा_मजला

आमच्या मॅनेजरकडे एमबीए आहे, इंग्लिश फाडफाड, पण व्हॉल्व्ह कुठाय ते विचारायला वॉचमनला फोन लावतो. अदलाबदल करता का? पार्किंग फ्री देतो :)

माजी_सेक्रेटरी

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा, सहा वर्षं सेक्रेटरी होतो (पगार शून्य, शिव्या अमाप). ताईंशी सहमत, फक्त एक, भावनेच्या भरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कबुलीजबाब टाकू नका, तिथे ४०० लोक न्यायाधीश असतात. सेक्रेटरींना गाठा आणि त्या पोरालाही सोबत उभं करा. त्याच्यासमोर खोटं बोललात, तर खरंही त्याच्यासमोरच बोला.

आणि कमिटीला मॅनेजरमध्ये काय लागतं ते ऐका. आमच्याकडे एक साहेब होते, टाय लावून यायचे, प्रेझेंटेशन झकास. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले, १० हजार लिटरचे, रोज आठ-दहा. एका रविवारी मी सहज अंडरग्राउंड टाकीत काठी घालून टँकरच्या आधीची आणि नंतरची पातळी मोजली, टाकीच्या लांबीरुंदीने हिशोब केला तर पाणी साडेसात हजारच भरलेलं, आणि पावतीवर साहेबांची सही पूर्ण १० हजारला. नंतर कळलं, टँकरवाला ट्रिपमागे त्यांना काहीतरी द्यायचा. तुमच्यासारख्या माणसाला ते काठी न घालताच कळलं असतं. म्हणून म्हणतो, प्लंबर होतो याची लाज वाटून घेऊ नका, ठेकेदार तुम्हाला गंडवू शकत नाही हीच तुमची कमाई. मात्र आता हेच लोक दिवाळीला पाकीट घेऊन येतील, तेव्हा पहिल्याच वर्षी परत पाठवा. एकदा ठेवलंत की पुढच्या वर्षी बिल तपासताना आवाज निघत नाही.

पंपरूमवाला

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून चार दिवस काही सुचलं नाही. काल पोराला घेऊन सेक्रेटरी साहेबांकडे गेलो. सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, लेखी द्या आणि पुढच्या वेळी टाकी धुताना चेकलिस्टवर दोघांच्या सह्या पाहिजेत. म्हणजे मेमोच झाला एक प्रकारे. बाहेर आल्यावर पोराला सॉरी म्हटलं तर म्हणतो, "सर, मला माहीत होतं व्हॉल्व्ह तुम्ही बंद केलाय, मी रात्री बघितलेलं, मलाच वाटलं उघडाल." मग दोघं टपरीवर गेलो. चहाचे पैसे त्याने देऊ दिले नाहीत मला.

पुस्तक आणलंय. आता त्यातलंच विचारतो, तळमजल्यावरचे एक काका लिफ्टचे पैसे द्यायला तयार नाहीत, म्हणतात मी कधी चढलोच नाही. नियमात लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा आहे ना?

ठाण्याची_ताई

हो, सगळ्या मेंबर्सना सारखा, तळमजला असो नाहीतर चौदावा. पाणी मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर. काकांना केबिनमध्ये बोलवू नका, त्यांच्या घरी जा आणि पुस्तक सोबत न्या.

तिसरा_मजला

आणि जाताना नळ किती आहेत तेही मोजून या, काकांकडे एखादा जास्त निघेल.