बोर्डावर 'ए' की 'ई'?

मोठेबाबा: दुकानाचा बोर्ड रंगवणं सुरू हाये. पेंटर म्हणते स्टेशनरीच्या शेवटी ए-आर-वाय येते, पोरगा म्हणते ई-आर-वाय. लवकर सांगा बाप्पा, त्याचा ब्रश थांबून हाये.

आत्या: दादा, ई-आर-वाय. ए लावला तर अर्थ होतो 'जागचं न हलणारं'.

छकुली: पण आत्या, दोन्हीचा उच्चार सारखाच काहून?

आत्या: कारण दोन्ही एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये 'स्टॅशिओ' म्हणजे उभं राहायची जागा. मध्ययुगात युरोपात पुष्कळ माल फेरीवाले गावोगाव फिरून विकत. पुस्तकवाले मात्र विद्यापीठाजवळ ठिय्या मांडून बसत, म्हणून ते 'स्टेशनर'. आपल्या आठवडी बाजारात पाल टाकणारा आणि बसस्टँडवर पक्कं दुकान असणारा, तसाच फरक. लंडनमध्ये १४०३ साली त्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. स्टेशनरच्या शेवटी ई-आर आहे ना, त्यालाच वाय जोडायचा. छकुले, हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

मोठेबाबा: हाव, सांगतलं त्याले. ए पुसून राहिला.

काका: आमच्या पीककर्जाच्या कागदावर 'प्रिन्सिपल' लिहून हाये. तिथं हेडमास्तरचं काय काम?

आत्या: काका, तिथे ते मुद्दल. व्याज मागून येतं, मुख्य रक्कम ती. शाळेत मुख्य माणूस तो. दोन्हीच्या शेवटी ए-एल. एल-ई लावला की तत्त्व. मूळ मात्र एकच, लॅटिन 'प्रिन्सेप्स', म्हणजे पहिला.

काकू: अन् फुलाचा फ्लॉवर आणि पिठाचा?

आत्या: काकू, माझी सगळ्यात आवडती जोडी! तो मुळात एकच शब्द. दळण चाळल्यावर जो सगळ्यात बारीक, उत्तम भाग हाती येई, त्याला दळणाचं फूल म्हणत. फ्रेंचमध्ये बारीक पिठाला आजही पिठाचं फूलच म्हणतात. इंग्रजीत स्पेलिंग सावकाश वेगळं झालं. १७५५ च्या जॉन्सनच्या शब्दकोशातही पिठाची वेगळी नोंद नव्हती.

छकुली: म्हणजे सारखे वाटणारे सगळे नातेवाईकच?

आत्या: नाही गं, तिथेच फसायला होतं. हवामानाचा 'वेदर' आणि 'की नाही'वाला 'व्हेदर' यांचं काहीच नातं नाही. दुसऱ्याचा जुना अर्थ 'दोघांपैकी कोणता'. म्हणून प्रत्येक जोडीचं मूळ शोधायचं, नुसत्या आवाजावर जायचं नाही.

मोठेबाबा: ई झाला. आता झेरॉक्स लिहिते. झेडनं ना?

आत्या: नाही दादा, एक्सनं! ग्रीक 'झेरॉस' म्हणजे कोरडं, त्यावरून आलं. थांबवा त्याला.