मदत हवी आहे: ऑक्सिजन सेन्सर कनेक्टरसकट घेऊ की तारा जोडून चालेल?

मंडळी, गाडी 2013 ची, पेट्रोल, 96 हजार किमी झालेली. महिनाभर चेक इंजिनचा दिवा जळतोय. स्कॅनर लावला तर कोड पी0135, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.

गंमत म्हणजे सांगलीला जाऊन आलो की ॲव्हरेज 16, पण कोल्हापुरात राजारामपुरी, उद्यमनगर, महाद्वार रोड असं गावातल्या गावात फिरलो की 11. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल किती द्यायचं ते सांगतो, पण साधारण 300 अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट सांगत नाही. हीटर मेला की तो धुराच्या उष्णतेवरच तापणार, आणि तोवर गाडी अंदाजाने पेट्रोल पिणार. तो तापेपर्यंत मी घरी पोचलेला असतो!

फ्यूज बघितला, ठीक आहे. सेन्सरचा कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन तारांना मल्टिमीटर लावला, तर सरळ ओपन (आतली तार तुटलेली). म्हणजे सेन्सर गेलाच. 'आधी साफ करून बघा' हा सल्ला कृपया नको, तुटलेला हीटर धुऊन जुळत नाही.

अडलंय ते पुढंच. कनेक्टरवाला सेन्सर 3,800 सांगतायत, युनिव्हर्सल (कनेक्टर नसलेला, तारा जोडून बसवायचा) 1,600. आमचे मिस्त्री म्हणतात, "पांढरीला पांढरी जोडायची, हाय काय नि नाय काय." पण माझ्या जुन्या सेन्सरला दोन काळ्या (हीटर), एक निळी (सिग्नल) आणि एक पांढरी (ग्राउंड) आहे. युनिव्हर्सलला दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी ग्राउंडची. रंगाला रंग जोडला तर हीटरच्या जागी सिग्नल जाऊन बसेल की! मिस्त्रींना हे सांगितलं तर ते हसले. माणूस हाताचा चांगला आहे, पण या बाबतीत जरा धाकधूक आहे.

शिवाय त्या तारा सोल्डर करू नयेत, क्रिंपच कराव्यात (दाबून जोडाव्यात) असं वाचलंय, कारण सेन्सरला बाहेरची हवा तारांच्या आतूनच मिळते. कुणी युनिव्हर्सल बसवून वर्ष-दोन वर्षं गाडी चालवलीय का? पावसाळ्यात जोड टिकला का?

आणि जुना सेन्सर आट्यात गच्च बसलाय. 22 चा पाना लावला तर घसरतोय. इंजिन कोमट असताना काढू की आदल्या रात्री गंजाचा स्प्रे मारून ठेवू? मॅनिफोल्डचे (सेन्सर बसतो त्या धुराच्या पाइपाचे) आटे गेले तर 2,200 वाचवून काय उपयोग?